व्यवस्थापन मोजता येते का? : तारापूरच्या मागांवरील प्रयोग आणि त्यानंतरची नऊ वर्षे

मुंबईच्या उत्तरेस असलेली तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तेथून पुढे गुजरातच्या हद्दीत असलेले उंबरगाव येथे २००८ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. विकसनशील देशांतील व्यवस्थापन संशोधनाला त्याने नवे वळण दिले. सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्या त्यात सहभागी झाल्या. यंत्रे, कामगार आणि बाजारपेठ तीच ठेवून केवळ कारखाना चालवण्याची रीत बदलली, तर उत्पादनात आणि नफ्यात फरक पडतो का, हा त्यामागील प्रश्न होता. पहिल्या वर्षातच उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नऊ वर्षांनंतर संशोधक त्याच कारखान्यांत पुन्हा गेले, तेव्हा रुजवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या बंद पडल्या होत्या.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावे लागतात. भारतीय कारखान्यांत सुधारणेला मोठा वाव आहे आणि ती फारशा भांडवलाशिवायही होऊ शकते, हे पहिल्यातून दिसते. माणसे बदलली की केलेली सुधारणा ओसरू लागते, हे दुसऱ्यातून दिसते. उद्योगांना प्रशिक्षण आणि सल्ला देण्याच्या योजना आखणाऱ्यांसाठी हे दोन्ही धडे सारखेच महत्त्वाचे आहेत.

जुना प्रश्न

एकाच व्यवसायातील, एकाच गावातील दोन कारखान्यांपैकी एक भरभराटीला येतो आणि दुसरा कसाबसा तग धरतो, याचे कारण काय, हा प्रश्न अर्थशास्त्राला नवा नाही. अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेचे प्रमुख फ्रान्सिस वॉकर यांनी १८८७ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात याविषयी लिहिले होते. उद्योगांच्या नफ्यातील तफावतीचे मूळ ते चालवणाऱ्यांच्या कुवतीत असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र कुवत मोजायची कशी, याचे उत्तर त्यानंतर दीर्घकाळ मिळाले नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांची आकडेवारी गोळा होत राहिली. व्यवस्थापन हा घटक सर्वांना मान्य असला, तरी तो आकड्यांच्या बाहेरच राहिला.

मुंबईच्या गिरण्यांचाही या वादाशी संबंध आहे. ग्रेगरी क्लार्क या आर्थिक इतिहासकाराने १९८७ मध्ये जगभरातील कापड गिरण्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील गिरणी कामगार जेवढे काम करीत असे, तेवढ्या कामासाठी भारतीय गिरण्यांत जवळजवळ सहा कामगार लागत. यंत्रे बहुतांशी सारखीच, इंग्लंडमध्ये बनलेली. मुंबईच्या अनेक गिरण्यांत देखरेख करणारे अधिकारीही इंग्लंडहून आलेले असत. त्यामुळे तंत्रज्ञान किंवा व्यवस्थापन यांतून ही तफावत उलगडत नाही, असे क्लार्क यांचे म्हणणे होते. कामगाराच्या कामाच्या वेगाकडे आणि स्थानिक परिस्थितीकडे त्यांनी बोट दाखवले. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला. दोष कामगाराचा की कारखान्याच्या घडीचा, हा त्या वादातील कळीचा मुद्दा राहिला.

व्यवस्थापन मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न या शतकाच्या सुरुवातीला निकोलस ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनेन यांनी केला. कारखान्यांच्या व्यवस्थापकांच्या दूरध्वनीवरून मुलाखती घेऊन १८ पद्धतींबाबत त्यांना १ ते ५ या प्रमाणात गुण दिले जात. आपल्याला गुण दिले जात आहेत, याची कल्पना व्यवस्थापकांना नसे. अमेरिका आणि युरोपातील कंपन्यांवरील पहिला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नंतर भारत, चीन, ब्राझील आदी देशांचा त्यात समावेश झाला. भारतीय कारखान्यांची सरासरी अमेरिकेपेक्षा बरीच कमी आली. भारतातही काही कारखाने जागतिक तोडीचे होते, पण फार कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या मोठी होती.

तरीही एक शंका उरली. चांगल्या व्यवस्थापनामुळे कंपनी यशस्वी होते, की यशस्वी कंपनीला चांगले व्यवस्थापन परवडते? केवळ सर्वेक्षणाने हा पेच सुटणारा नव्हता. त्यासाठी प्रयोगाची गरज होती.

अहमदाबादचा पूर्वानुभव

विणकामाच्या शेडमध्ये व्यवस्थापनाचा प्रयोग करण्याची भारतातील ही पहिली वेळ नव्हती. अहमदाबादेतील कापड उद्योगाच्या संशोधनासाठी १९४७ मध्ये ‘अटिरा’ ही संस्था स्थापन झाली. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांचा तिच्या उभारणीत पुढाकार होता. सूत आणि यंत्रे यांच्याबरोबरच गिरणीतील माणसांच्या परस्परसंबंधांचाही तेथे अभ्यास होत असे. या विषयावर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कमला चौधरी पुढे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या पहिल्या प्राध्यापकांपैकी एक झाल्या.

साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिल्समध्ये १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस सल्लागार म्हणून आले. गिरणीत स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन मिळत नव्हते आणि कापडातील दोषही कमी होत नव्हते. प्रत्येक कामगाराला एकेक सुटे काम नेमून दिलेले होते. कोणी केवळ तुटलेले धागे जोडी, कोणी केवळ बाण्याच्या कांड्या भरी. अमुक मागांचे उत्पादन ही आपली जबाबदारी, असे मात्र कोणालाही म्हणता येत नव्हते. राइस यांनी ही रचना बदलून मागांच्या एका संचाची जबाबदारी कामगारांच्या एका छोट्या गटाकडे देण्याचे सुचवले. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि गट स्वतःच तयार केले. सुरुवातीच्या अडचणींनंतर कार्यक्षमता वाढली आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. राइस यांचे या प्रयोगावरील पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरातील व्यवस्थापन अभ्यासक्रमांत त्याला स्थान मिळाले.

या प्रयोगाचा उत्तरार्ध कमी परिचित आहे. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये त्याच गिरणीत परतले. एका शेडमध्ये गटपद्धत जवळजवळ मूळ स्वरूपात टिकून होती. इतर ठिकाणी ती विरून गेली होती. तारापूरच्या अभ्यासकांना चार दशकांहून अधिक काळानंतर जे दिसले, त्याची पूर्वसूचना अहमदाबादेत मिळाली होती.

प्रयोगाची रचना

तारापूर आणि उंबरगाव येथील प्रयोग ब्लूम, बेन आयफर्ट, अपराजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच अर्थतज्ज्ञांनी केला. १०० ते १,००० कामगार असलेल्या विणकाम कंपन्या त्यांनी हेरल्या. योग्य ठरलेल्या ६६ कंपन्यांपैकी १७ कंपन्यांनी सहभागाची तयारी दाखवली. सरासरी सुमारे २७० कामगार आणि ७५ लाख डॉलरची वार्षिक विक्री असलेल्या या कंपन्या भारतीय मापाने मोठ्या होत्या. सर्व कुटुंबांच्या मालकीच्या होत्या आणि प्रत्येक कंपनीचे सर्व संचालक एकाच कुटुंबातील होते.

औषधांच्या चाचणीत रुग्णांचे दोन गट करतात, तसे या कंपन्यांचे दोन गट करण्यात आले. कोणती कंपनी कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरले. ११ कंपन्यांच्या १४ कारखान्यांना एक महिन्याची पाहणी आणि त्यानंतर चार महिने प्रत्यक्ष सुधारणेसाठी साहाय्य मिळाले. उरलेल्या सहा कंपन्यांच्या सहा कारखान्यांत केवळ एक महिन्याची पाहणी झाली. एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीचे तज्ज्ञ हे काम करीत होते. बाजारभावाने प्रत्येक कारखान्यामागे सुमारे अडीच लाख डॉलर खर्च आला असता. कंपन्यांकडून मात्र शुल्क घेण्यात आले नाही. सुधारणेनंतरही कारखान्यांची आकडेवारी नियमितपणे गोळा होत राहिली.

सल्लागारांनी एकूण ३८ पद्धतींची यादी तयार केली होती. कारखान्याचे दैनंदिन कामकाज, गुणवत्ता, साठा, मनुष्यबळ आणि विक्री अशी तिची पाच क्षेत्रे होती. त्यांत काहीही अद्भुत नव्हते. मागांची देखभाल ठरलेल्या वेळापत्रकाने करावी, बिघाड का झाला याची नोंद ठेवावी, कापडातील दोष रोज लिहून काढावेत आणि त्यावर रोज बैठक घ्यावी, गोदामातील सुताला चिठ्ठी लावून ते प्रतवारीने ठेवावे, सुट्या भागांचा साठा किती असावा हे ठरवावे, प्रत्येकाच्या कामाचे स्वरूप लेखी असावे, अशा या पद्धती होत्या. अमेरिका, जपान किंवा जर्मनीतील कारखान्यांत त्या कित्येक दशके रूढ आहेत.

कारखान्यांत काय आढळले

पाहणीत दिसलेले चित्र भारतीय औद्योगिक वसाहतींशी परिचित असलेल्यांना अनोळखी वाटणार नाही. अनेक शेडमध्ये मागांच्या आसपास कचरा आणि तेल साचलेले होते. अवजारांना ठरलेली जागा नव्हती. गोदामात सुताचे ढीग होते, पण कोणते सूत कधीचे आणि कोणत्या प्रतीचे याची नोंद नव्हती. त्यामुळे हाताशी असलेले सूत सापडत नसे आणि नवे मागवले जाई. माग बंद पडल्यावरच त्याची दुरुस्ती होई. कापडातील दोष शेवटी मेंडिंग कामगार हाताने दुरुस्त करीत. तो दोष कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत आणि कशामुळे आला, याचा मागोवा क्वचितच घेतला जाई.

सुधारणेच्या टप्प्यात हे चित्र पालटू लागले. ३८ पद्धतींपैकी प्रत्यक्ष वापरातील पद्धतींचे प्रमाण साहाय्य मिळालेल्या कारखान्यांत सरासरी सुमारे ३८ टक्केबिंदूंनी वाढले, म्हणजे प्रत्येक कारखान्यात साधारण १४ नव्या पद्धती सुरू झाल्या. केवळ पाहणी झालेल्या कारखान्यांतील वाढ त्यापेक्षा बरीच कमी होती. कापडातील दोष आणि सुताचा साठा घटला, उत्पादन वाढले. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. त्यावरून प्रत्येक कारखान्याच्या वार्षिक नफ्यात तीन लाख डॉलरहून अधिक भर पडली असावी, असा अंदाज संशोधकांनी बांधला. सल्ल्याचा पूर्ण बाजारभाव मोजला असता, तरी तो साधारण वर्षभरात वसूल झाला असता. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी तुलनेच्या गटापेक्षा अधिक नवे कारखाने उघडले.

आणखी एक बदल संशोधकांनी नोंदवला. उत्पादन आणि दोष यांची माहिती रोज कागदावर येऊ लागली, तशी संगणकाचा वापर वाढला आणि मालकांनी काही निर्णय व्यवस्थापकांवर सोपवले. नोंदींमुळे गैरहजेरीतही कारखान्यावर लक्ष ठेवता येऊ लागले होते.

हा अभ्यास २०१३ मध्ये, वॉकर यांचा लेख छापणाऱ्या त्याच ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. गिरण्यांविषयीच्या जुन्या वादाचे ते अंतिम उत्तर नव्हे, कारण १९१० च्या मुंबईतील आणि २००८ च्या तारापूरमधील परिस्थिती वेगळी आहे. मात्र तेच कामगार त्याच मागांवर एका वर्षात अधिक आणि निर्दोष उत्पादन काढू शकतात, हे यातून सिद्ध झाले. कमी उत्पादनाचा सगळा बोल कामगाराला लावणे त्यानंतर कठीण झाले.

आधी का केले नाही?

इतक्या फायद्याच्या गोष्टी मालकांनी स्वतःहून का केल्या नाहीत? संशोधकांच्या मते माहितीचा अभाव हे प्रमुख कारण होते. काही पद्धती मालकांच्या कानावरच आलेल्या नव्हत्या. ज्यांच्याविषयी त्यांनी ऐकले होते, त्यांतून नफा होईल असे त्यांना वाटत नव्हते. आजूबाजूच्या कारखान्यांपेक्षा आपले बरे चालले आहे, एवढी खूण त्यांना पुरेशी वाटे. शेजारचे कारखानेही त्याच रीतीने चालत असल्याने ही तुलना फसवी होती.

वाईट रीतीने चालणारे कारखाने स्पर्धेत बंद पडतील आणि चांगले वाढतील, असे पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्र सांगते. तारापूर परिसरात तसे घडत नव्हते. मालक कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीवर विश्वास टाकण्यास कचरत. व्यवस्थापकाने गैरव्यवहार केला, तर न्यायालयातून लवकर दाद मिळेल याची त्यांना खात्री नव्हती. परिणामी कंपनी किती मोठी होणार, हे कुटुंबातील कारभार पाहू शकणाऱ्या पुरुषांच्या संख्येवर ठरत असे. दोन भावांना दोन कारखाने सांभाळता येतात, तिसऱ्यासाठी तिसरा माणूस घरातूनच यावा लागतो. या मोजणीत घरातील स्त्रियांना मात्र स्थान नव्हते. उत्तम चालणारी कंपनी विस्तारत नाही, म्हणून ढिसाळ कंपनीलाही बाजारात जागा उरते.

राष्ट्रीय आकडेवारी याच्याशी जुळते. चांग-ताय श्ये आणि पीटर क्लेनो या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत ४० वर्षे जुना कारखाना पाच वर्षांच्या आतील कारखान्याच्या सातपटीहून अधिक लोकांना काम देतो. भारतात तेवढ्याच काळात टिकून राहिलेल्या कारखान्यांची वाढ जेमतेम दुपटीची होते. कारखाने वाढत नाहीत, म्हणजे रोजगारही वाढत नाही. व्यवस्थापनाचा प्रश्न त्यामुळे केवळ मालकांच्या नफ्यापुरता राहत नाही.

नऊ वर्षांनंतर

संशोधकांनी २०१७ मध्ये या कंपन्यांना पुन्हा भेट दिली. त्यावरील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ कारखान्यांत स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या. तरीही साहाय्य मिळालेले आणि न मिळालेले कारखाने यांच्यातील अंतर मोठे आणि स्पष्ट होते.

पद्धती का सुटल्या, याची दोन कारणे सर्वाधिक वेळा सांगण्यात आली. एक, त्या राबवणारा व्यवस्थापक नोकरी सोडून गेला. दोन, संचालकांना लक्ष घालण्यास वेळ उरला नाही. नोंदवही होती, पण ती मागणारा आणि वाचणारा माणूस नव्हता. ज्ञान संस्थेत न मुरता व्यक्तीत राहिले, तर व्यक्तीबरोबर तेही जाते, असा याचा अर्थ होतो.

ज्ञानाच्या प्रसाराबाबतचा निष्कर्षही लक्षणीय आहे. एका कारखान्यात रुळलेल्या पद्धती त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणात पोहोचल्या. अभ्यासातील एका कंपनीकडून दुसरीकडे त्या पोहोचल्याचे मात्र फारसे आढळले नाही. एकाच वसाहतीत, एकाच व्यवसायात असूनही चांगली रीत कुंपण ओलांडत नाही. एकाला शिकवले की परिसर आपोआप शिकेल, या गृहीतकावर आधारलेल्या योजनांना हा इशारा आहे.

इतर देशांतील अनुभव

तारापूरनंतर अशा प्रयोगांची संख्या वाढली. मेक्सिकोतील पुएब्ला राज्यात ४३२ लहान आणि मध्यम उद्योगांचा अभ्यास झाला. त्यांतील काही उद्योगांना वर्षभर व्यवस्थापनविषयक सल्ला देण्यात आला. पाच वर्षांनंतरही त्यांची कर्मचारीसंख्या तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती.

खर्चाचा प्रश्न कोलंबियातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या १५९ कंपन्यांच्या अभ्यासात हाताळला गेला. काही कंपन्यांना स्वतंत्र सल्लागार मिळाला, तर काहींना लहान गटांत एकत्र आणून सल्ला देण्यात आला. ही दुसरी कल्पना कृषी विस्तार कार्यातून घेतलेली होती. गटपद्धतीचा खर्च स्वतंत्र सल्ल्याच्या साधारण एक तृतीयांश होता आणि व्यवस्थापनातील सुधारणा जवळजवळ तेवढीच झाली. शेतकरी मेळावे आणि शिवारफेरीची परंपरा असलेल्या भारताला ही रीत परकी वाटू नये.

पाकिस्तानातील सियालकोट येथे फुटबॉल बनवणाऱ्या कारखान्यांवरील अभ्यासाने वेगळी बाजू पुढे आणली. कृत्रिम चामड्याची नासाडी कमी करणारा नवा कापणी साचा संशोधकांनी कारखान्यांना मोफत दिला, तरी फार थोड्यांनी तो वापरला. कापणारे कामगार नगावर मजुरी घेत होते. नव्या साच्यावर हात बसेपर्यंत वेग मंदावणार आणि मजुरी बुडणार, म्हणून त्यांनी तो निरुपयोगी असल्याचे मालकांना भासवले. साचा वापरण्याचे कौशल्य दाखवणाऱ्या कामगाराला साधारण एक महिन्याच्या कमाईएवढे बक्षीस देऊ केले, तेव्हा काही कारखान्यांत तो स्वीकारला गेला. बचतीतील वाटा कामगाराला मिळत नसेल, तर बदल कागदावरच राहतो.

बंगळुरूतील तयार कपड्यांच्या कारखान्यांतील अभ्यासातही वाट्याचाच प्रश्न उभा राहतो. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत निषधम यांनी स्त्री कामगारांना दिलेल्या संवादकौशल्य आणि वेळेच्या नियोजनाच्या प्रशिक्षणाचे मोजमाप केले. प्रशिक्षित स्त्रियांची उत्पादकता दहा टक्क्यांहून अधिक वाढली, पण त्यांच्या वेतनात एक टक्काही वाढ झाली नाही. कारखान्यासाठी ही गुंतवणूक अत्यंत फायद्याची ठरली. उत्पादकता वाढली की वेतन आपोआप वाढते, असे मात्र म्हणता येत नाही.

संशोधनाच्या मर्यादा

या अभ्यासांचा आवाका लक्षात घेऊनच त्यांचे निष्कर्ष वापरावे लागतात. तारापूरच्या प्रयोगात १७ कंपन्याच होत्या आणि त्या स्वेच्छेने सामील झाल्या होत्या. ज्या ४९ कंपन्या आल्या नाहीत, त्यांच्याबाबत असेच घडले असते का, हे सांगता येत नाही. कारखान्यांची संख्या थोडी असल्याने संशोधकांनी दीर्घकाळ, आठवड्यागणिक आकडेवारी गोळा केली आणि लहान नमुन्यांसाठीच्या खास संख्याशास्त्रीय चाचण्या वापरल्या. खाजगी कंपन्यांच्या हिशेबवह्यांवर विसंबता येत नसल्याने नफ्याचा आकडा अंदाजच राहिला.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशात ५.८५ कोटी आस्थापना होत्या आणि त्यांत १३.१३ कोटी लोक काम करीत होते, म्हणजे एका आस्थापनेमागे सरासरी दोन-सव्वादोन माणसे. ‘वार्षिक उद्योग पाहणी’ मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांची माहिती देते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे ताळेबंद सहज मिळतात, म्हणून संशोधक त्यांच्याकडे वळतात. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीतील छोट्या यंत्रमागधारकाला ३८ पद्धतींची यादी जशीच्या तशी लागू पडणार नाही. तेथे मालक, व्यवस्थापक आणि जॉबर ही बहुधा एकच व्यक्ती असते.

स्थानिक वास्तवातून सिद्धांत घडवण्याची परंपरा भारतात आहे. पाटण्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी, कामाचा आग्रह धरणारा पण कनिष्ठांची आस्थेने काळजी घेणारा नेता भारतीय परिस्थितीत परिणामकारक ठरतो, असा सिद्धांत मांडला. त्यांचे यावरील पुस्तक १९८० मध्ये आले. उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था आखून दिली आणि पुढे अनेक भारतीय कंपन्यांनी ती अनुसरली. कोलकाता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये सुरू झाल्या. २०१७ च्या कायद्याने या संस्थांना पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि त्यांत पीएच.डी.चाही समावेश आहे. संशोधक घडवण्याची साधने त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक आहेत. मात्र परदेशी नियतकालिकांतील प्रकाशनावर प्राध्यापकाची पदोन्नती ठरते, तेव्हा संशोधनाचे विषयही तेथील संपादकांच्या आवडीकडे झुकण्याचा धोका असतो.

धोरणासाठी अर्थ

लहान उद्योगांतील अपव्यय कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये ‘लीन’ उत्पादनपद्धतीची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. एकाच परिसरातील उद्योगांचे छोटे समूह करून त्यांना सल्लागार देण्याची तिची रचना होती. मार्च २०२३ मध्ये ही योजना नव्या रूपात आली आणि सल्ल्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलण्याचे ठरले. समूहाने शिकण्याची तिची दिशा कोलंबियातील निष्कर्षांशी जुळते.

अशा योजनांचे यश सहसा किती उद्योगांची नोंदणी झाली, किती प्रमाणपत्रे दिली गेली, यावरून मोजले जाते. तारापूर आणि अहमदाबादचा अनुभव वेगळी मोजपट्टी सुचवतो. सल्लागार गेल्यानंतर तीन, पाच किंवा नऊ वर्षांनी दोषांची नोंदवही भरली जाते का, नवा व्यवस्थापक ती पुढे चालवतो का, कामगाराच्या पगारात वाढलेल्या उत्पादनाचा अंश उतरतो का, हे पाहावे लागेल. त्यासाठी पुन्हा त्याच कारखान्यांत जाण्याचा खर्च योजनेच्या अंदाजपत्रकातच धरावा लागेल. व्यवस्थापकाच्या जागी येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेतील, कारखान्याच्या भिंतीवर लावता येईल अशी लेखी कार्यपद्धती मिळाली, तर ज्ञान व्यक्तीबरोबर निघून जाण्याचा धोकाही काहीसा कमी होईल.

एरिक मिलर अहमदाबादला १७ वर्षांनी परतले आणि ब्लूम यांचे सहकारी तारापूरला नऊ वर्षांनी. बहुतेक अभ्यास पहिल्या निकालापाशी थांबतात, म्हणून या दोन फेरभेटींना अजून फार सोबती नाहीत. विकसनशील देशांतील व्यवस्थापन संशोधनात ही उणीव भरून काढण्याचे काम भारतीय विद्यापीठे आणि व्यवस्थापन संस्था करू शकतात, कारण कारखाने त्यांच्या दाराशी आहेत.